धूळ आत येऊ द्यायची नाही

छातीच्या डॉक्टरांनी माझ्या सासऱ्यांना पुढून तपासलं, मागून तपासलं, दोनदा खोल श्वास घ्यायला लावला आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, "यांना धूळ आणि ओल, दोन्हींपासून जपायचं."

आता त्या खोलीत माझी बायकोही होती. वडील तिचे. पण डॉक्टरांनी बघितलं माझ्याकडे. पुढे सासऱ्यांना साधा ठसका लागला तरी मला वाटायचं, की कुठेतरी माझ्या नावावर लाल शाईनं फुली पडतेय.

मी भित्रा माणूस आहे, हे इथेच सांगून मोकळा होतो. त्यात नोकरी विमा कंपनीतली, तीही दाव्यांच्या विभागात. दहा ते साडेपाच मी एकच वाचतो: माणसं कशी गेली. शिडीवरून गेली, ओल्या हातानं बटण दाबताना गेली, एक गृहस्थ तर तारेवरचा टॉवेल काढताना गेले. पंचवीस वर्षं हे वाचलेला माणूस घरी येऊन सरळ खुर्चीत बसत नाही. आधी खुर्चीचे चारही पाय बघतो.

आणि आमच्याकडे धूळ आणि ओल यांना तोटा नव्हता. हवा इतकी दमट की मिठाच्या बरणीत चमचा आधाराशिवाय उभा राहायचा आणि माझ्या कमरेच्या पट्ट्यावर दर पंधरवड्याला हिरवी लव यायची. भरीला आमच्या मागची चार मजली इमारत पाडायला घेतलेली. रोज नऊच्या ठोक्याला तिथलं यंत्र घरघरायला लागायचं, आणि दहापर्यंत आमच्या टीव्हीवर बोटानं सही करता यायची.

सासरे आमच्याकडे राहायला आले त्याला दोन वर्षं झाली होती. गणिताचे मास्तर होते. उंच, वाळकुडे, आणि बोलणं मोजूनमापून. त्यांची चैन एकच, अंघोळ. चाळीस मिनिटं. आणि अंघोळीबरोबर पाढे. एकवीसपासून तीसपर्यंत, मोठ्या आवाजात, वर्गाला सांगितल्यासारखे. "डोक्याला गंज चढत नाही," म्हणायचे. बाहेर चहा पिता पिता माझाही, काही कारण नसताना, एकोणतीसचा पाढा पाठ होऊन गेला होता.

डॉक्टरांकडून आल्या दिवशी मी पडदे काढले. दुसऱ्या दिवशी सतरंजी गुंडाळून माळ्यावर टाकली. तिसऱ्या दिवशी शेजारचे कंपाउंडर काका आले. ते चाळीस वर्षं एका दवाखान्यात कंपाउंडर होते, आणि डॉक्टर वारल्यापासून स्वतःला डॉक्टर समजतात.

"झाडं ठेवा," ते म्हणाले. "झाडं वाईट हवा खातात."

मी अकरा कुंड्या आणल्या. आठवड्याभरात त्या कुंड्यांच्या मातीवर पांढरी बुरशी आली, पंधरा दिवसांत बारीक चिलटं झाली, आणि सासऱ्यांचा खोकला वाढला. काकांना सांगितलं तर म्हणाले, "मग कमी पडतायत. आणखी आणा." बायकोनं एका दुपारी अकराच्या अकरा कुंड्या त्यांच्याच दाराबाहेर रांगेनं लावून ठेवल्या.

मग हार्डवेअरच्या दुकानदारानं मला फोमची पट्टी दाखवली. एका बाजूनं चिकट. "खिडकीच्या फटीला लावा साहेब, मुंगी आत येणार नाही." मुंगीचं मला एवढं नव्हतं, पण ही पट्टी हातात घेतल्यावर कित्येक दिवसांनी प्रथमच मला धीर आला. मी शनिवार-रविवार खपून बाथरूमची सोडून सगळ्या खिडक्यांच्या फटी बुजवल्या. मुख्य दाराला लावली. बाथरूमची ओल घरात पसरू नये म्हणून बाथरूमच्या दारालाही, खालून-वरून, चारी बाजूंनी लावली. हाताला फोड आले. पण सोमवारी संध्याकाळी टीव्हीवर बोट फिरवलं, तर बोट स्वच्छ! मी ते बोट बायकोला दाखवलं, सासऱ्यांना दाखवलं, काकांनाही जाऊन दाखवलं.

आठ दिवसांनी कपाटामागच्या भिंतीला घाम फुटला.

घाम म्हणजे अक्षरशः घाम. थेंब ओघळायचे. मग त्या जागी काळे ठिपके आले. पहिल्या दिवशी मी मोजले तेव्हा चौदा होते, तिसऱ्या दिवशी मोजायचं सोडून दिलं. रविवारी दुपारी सासरे आरामखुर्चीत डुलकी घेत, तेव्हा मी समोर बसून त्यांची छाती वरखाली होते की नाही ते बघायचो. एकदा त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "जावईबापू, माझ्याकडे असं बघू नका. मला मेल्यासारखं वाटतं."

परत डॉक्टर. ते हसले. "अहो, घराचा डबा नका करू. हवा खेळती हवी. स्वयंपाकघरात, बाथरूममध्ये एक्झॉस्ट पंखा बसवा. वाफ बाहेर जाईल, ओल आपोआप कमी होईल."

इथवर सगळं ठीक होतं. त्या दिवशी जर मी गप्प घरी जाऊन खिडक्या उघडल्या असत्या, तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण डोक्यात दोन हुकूम एकदम शिरले: धूळ आत येऊ द्यायची नाही, आणि वाफ बाहेर घालवायची. मी ठरवलं, पंखा बसवायचा, पट्ट्याही ठेवायच्या.

शुक्रवारी वायरमन आला. बाथरूमच्या खिडकीला काचेच्या आडव्या पट्ट्या होत्या, कायम अर्धवट उघड्या. त्याच जागी पंखा बसणार होता. वायरमननं सगळ्या काचा काढून खाली ठेवल्या, पंख्याची चौकट हातात घेतली, आणि तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी दारात उभे.

आमचे सेक्रेटरी म्हणजे इस्त्रीच्या शर्टातला जाडजूड माणूस. त्यांना कसं कळलं? वायरमन शिडी घेऊन जिन्यानं वर येताना दिसला होता. "शिडी दिसली की मी वर येतोच," ते म्हणाले. "परवानगी?"

"पंख्याला?"

"इमारतीच्या बाह्य भागात बदल होतोय. अर्ज लागेल. तीन प्रती. सोबत नकाशा. कमिटीची मीटिंग महिन्याच्या दुसऱ्या रविवारी."

"पण काचा काढून झाल्यात हो!"

"ते तुम्ही परवानगीआधी केलंत. ते वेगळं बघू."

वायरमननं शिडी उचलली आणि निघून गेला. खिडकीच्या जागी राहिलं एक चौकोनी भोक, आणि त्या भोकातून मागच्या इमारतीचा लाल धुरळा थेट सासऱ्यांच्या टॉवेलवर. मी काचा परत बसवायला गेलो, तर पहिलीच हातातून निसटून फुटली आणि उरलेल्यांची खाच गंजलेली. शेवटी मी जाड प्लास्टिक आणलं, दुहेरी घडी केली, आणि चारी कडांना रुंद टेप लावून ते भोक बंद केलं. छान, ढोलकीसारखं ताणलेलं.

बायको मागे उभी होती. "अहो, पण आता वाफ कुठे जाणार?"

"चार दिवसांचा प्रश्न आहे," मी म्हणालो.

चार दिवसांचे तीन आठवडे झाले. अर्जात मी 'पंखा' लिहिलं होतं, 'हवा बाहेर टाकणारा पंखा' असं हवं होतं म्हणून अर्ज परत आला. मग नकाशावर उत्तर दिशा दाखवली नव्हती. मग मीटिंग झाली, पण पुरेसे सभासद आले नाहीत. सेक्रेटरी जिन्यात भेटले की मी "नमस्कार" म्हणायचो आणि ते "बघतोय, बघतोय" म्हणायचे.

आणि घरात डोकेदुखी सुरू झाली.

आधी बायकोची. मग माझी. मग सासऱ्यांची, आणि त्यांना तर मळमळायलाही लागलं. मी घाबरलो. भिंतीवरची काळी बुरशी आता आपल्या मेंदूपर्यंत पोचली, अशी माझी खात्रीच झाली. मी नाकाला रुमाल बांधून भिंती पुसल्या. पट्ट्या कुठे सुटल्यात का ते मेणबत्ती घेऊन तपासलं. ज्योत जरा जरी हलली तरी तिथे आणखी एक पट्टी. बाथरूमच्या प्लास्टिकवर टेपचा दुसरा थर दिला. कंपाउंडर काका म्हणाले पित्त असेल. ऑफिसात शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, "माझ्या मेहुण्याचं असंच डोकं दुखायचं," आणि पुढे काही बोललाच नाही. त्याच्या मेहुण्याचं काय झालं हे विचारायचं माझं आजवर धाडस झालेलं नाही.

एका संध्याकाळी सासरे म्हणाले, "जावईबापू, एक गंमत बघितलीत? तुमचं डोकं ऑफिसला पोचेपर्यंत थांबतं. हिचं अकरापर्यंत दुखतं. माझं दुपारपर्यंत. यात काहीतरी प्रमाण आहे. पण कशाशी, ते लक्षात येत नाही."

आम्ही तिघंही विचार करत बसलो. मी पाच मिनिटांत अंघोळ उरकतो. बायकोला पंधरा लागतात. आणि त्यांना चाळीस. उदाहरण समोर मांडलेलं होतं. तिघांपैकी एकालाही सुटलं नाही.

त्याच आठवड्यात बायको म्हणाली होती, "गॅस गीझरची ज्योत हल्ली पिवळी दिसते. पूर्वी निळी असायची." गीझर बाथरूममध्येच होता, दाराच्या वर, नऊ वर्षं बिनतक्रार चालत आलेला. मी म्हणालो, "बोलावू कधीतरी मेकॅनिकला." घरात मी ज्या एकाच गोष्टीला कधी घाबरलो नाही, ती ही.

रविवारी सकाळी दहा वाजता दाराची घंटा वाजली. सेक्रेटरी. हातात माझा अर्ज.

"तुमची सही दुसऱ्या प्रतीवर नाही," ते म्हणाले.

आणि माझा तोल गेला. पंचवीस वर्षांच्या नोकरीत मी साहेबासमोर आवाज चढवला नाही, पण त्या दिवशी चढवला. "अहो, माझ्या घरात म्हातारा माणूस खोकतोय, भिंती घामेजल्यात, आणि तुम्ही सही बघताय?" सेक्रेटरीही तापले. "नियम माझ्या वडिलांनी केलेत का?" आतून बाथरूममधून सासऱ्यांचा आवाज येत होता. तेवीस एके तेवीस. तेवीस दुणे सेहेचाळीस. मी म्हणालो, तुम्ही मुद्दाम अडवताय. तेवीस त्रिक एकोणसत्तर. ते म्हणाले, हे शब्द मागे घ्या. तेवीस चोक ब्याण्णव. मी म्हणालो, घेत नाही, काय करायचं ते करा.

"गप्प बसा दोघंही!" बायको ओरडली.

आम्ही गप्प झालो.

"बाबा थांबलेत," ती म्हणाली.

नळ वाहत होता. गीझरची घरघर ऐकू येत होती. एवढंच.

"बाबा?" तिनं दार वाजवलं. "बाबा!"

दाराला आतून कडी होती. मी ढकललं. दार ओलीनं फुगलेलं, वर माझी पट्टी चारी बाजूंनी घट्ट बसलेली. खांदा मारला, मलाच लागलं. दुसऱ्यांदा मारला, दार नुसतं कुरकुरलं. तेव्हा मागून सेक्रेटरी म्हणाले, "बाजूला व्हा." अर्ज त्यांनी दातांत धरला, दोन पावलं मागे गेले आणि अख्खा इस्त्रीचा देह दारावर घातला. कडी स्क्रूसकट उखडली. दारातून कोंडलेल्या वाफेचा लोट अंगावर आला.

सासरे बादलीशेजारी आडवे पडले होते. चेहरा शांत. मला वाटतं, मला त्या शांतपणाचीच सगळ्यात जास्त भीती वाटली. बायकोनं आत धाव घेऊन गीझर बंद केला, आम्ही दोघांनी त्यांना टॉवेलात गुंडाळून ओढत बाहेरच्या खोलीत आणलं. माझंही डोकं गरगरत होतं.

"खिडक्या उघडा!" बायको किंचाळली.

आणि मी थांबलो. हे कोणाला सांगितलेलं नाही, पण इथे सांगतो. एक क्षणभर, फार तर अर्धा क्षण, माझ्या मनात आलं: धूळ येईल.

मग मी खिडकीवर झडप घातली. खिडकी हलेना. माझी पट्टी. मी नखांनी ओरबाडली, ती निघेना. इतकं चोख काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही. शेवटी मी स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं आणि तावदानावर मारलं. काच खळकन खाली गेली. हवा आत आली. मागच्या इमारतीच्या धुळीसकट, लाल, भरघोस. सासऱ्यांचं डोकं मी मांडीवर घेतलं होतं आणि त्या धुळीच्या झोतात त्यांचं तोंड धरलं होतं, एखाद्या तान्ह्याला उन्हात धरावं तसं. "घ्या बाबा," मी म्हणत होतो, "घ्या, श्वास घ्या." सेक्रेटरी रुग्णवाहिकेला फोनवर पत्ता सांगत होते.

ते खोकले. त्या खोकल्याला मी इतके महिने घाबरत होतो. त्या दिवशी तो ऐकून मी रडलो.

हॉस्पिटलमध्ये त्यांना ऑक्सिजन लावला. तिथल्या तरुण डॉक्टर बाईंनी बाहेर येऊन दोनच प्रश्न विचारले. "बाथरूममध्ये गॅसचा गीझर आहे का?" बायको म्हणाली, आहे. "आणि हवा जायला जागा?"

बायकोनं मान खाली घातली. सेक्रेटरी, जे अजूनही आमच्याबरोबर होते, भिंतीवरच्या पाटीकडे बघायला लागले.

"होती," मी म्हणालो. "मी बंद केली."

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं, की बंद जागेत गॅस नीट जळत नाही, ज्योत पिवळी होते, आणि त्यातून असा विषारी वायू निघतो की त्याला वास नाही, रंग नाही, माणसाला कळतही नाही. डोकं दुखतं, मळमळतं, मग शुद्ध जाते. "आणखी दहा मिनिटं गेली असती तर," त्या म्हणाल्या, आणि वाक्य तसंच सोडून दुसऱ्या रुग्णाकडे गेल्या. धुळीवर मी पहारा ठेवला होता, बुरशीचे ठिपके मोजले होते, आणि मारेकरी नऊ वर्षं दाराच्या वर बसलेला. त्याला कोंडून घेऊन मी सासऱ्यांना रोज चाळीस मिनिटं त्याच्या ताब्यात देत होतो.

दुसऱ्या दिवशी ते बोलण्याइतके सावध झाले. बायको चहा आणायला गेली तेव्हा मी खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि सगळं सांगितलं. प्लास्टिक, टेपचे दोन थर, दाराची पट्टी. पिवळी ज्योत. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मला वाटलं, आता म्हणतील, मला माझ्या गावी पोचवा.

मग त्यांनी मास्क जरा खाली ओढला. "म्हणजे प्रमाण अंघोळीच्या मिनिटांशी होतं तर."

"हो."

"तुम्हाला नाही सुटलं ते समजू शकतो," ते म्हणाले. "मी तर मास्तर होतो." आणि माझ्या हातावर दोनदा थोपटून त्यांनी मास्क परत लावला.

चार दिवसांनी घरी आणलं. तोवर मी सगळ्या पट्ट्या ब्लेडनं खरवडून काढल्या होत्या. गॅसचा गीझर उतरवून विजेचा बसवला, आणि वायरमननं पंखा लावला. परवानगीचं पत्र सेक्रेटरी स्वतः घेऊन आले. दार तोडताना दुखावलेला त्यांचा उजवा हात झोळीत होता, म्हणून सही डाव्या हाताची, वेडीवाकडी. त्याबरोबर आणखी एक कागद दिला. बाहेरच्या खोलीच्या तावदानाची काच त्यांच्याच स्कूटरच्या सीटवर पडली होती, त्याबद्दलची नोटीस. "नियम आहे," ते ओशाळून म्हणाले. मी नोटीस दोन्ही हातांनी घेतली. बायकोनं त्यांना आग्रहानं बसवलं, आणि चहाचा कप त्यांच्या डाव्या हातात दिला.

पहिल्या दिवशी सासरे अंघोळीला गेले. कडी नव्हतीच. दार अर्धं उघडं ठेवून मध्ये पाटाचा अडसर लावला होता. पंखा भणभणत होता. बायको स्वयंपाकघरात एकच पातेलं तिसऱ्यांदा घासत होती. मी दाराबाहेर पाठ करून, वर्तमानपत्र धरून बसलो होतो.

"बाबा?"

"आहे."

जरा वेळानं, "बाबा?"

"अहो, आहे म्हटलं ना!"

पाणी ओतल्याचा आवाज. मग तांब्या खाली ठेवल्याचा. मग काहीच नाही. मी उठलोच.

"जावईबापू!"

"काय, बाबा?"

"गार वारा येतोय. दार लोटून घ्या जरा."

मी दारापाशी गेलो. पाट बाजूला केला. दारावर हात ठेवला. लोटायचं म्हटलं तर किती, नुसतं बोटभर जोर. माझ्या हाताला तेवढाही जोर येईना.

"लोटलं का?"

"लोटलं, बाबा," मी म्हणालो, आणि उंबऱ्यात पाय घालून तसाच उभा राहिलो.